पोर कोणाच्या पाठीवर

क्रिसान्तोच्या वहीत एक रकाना होता आणि तो दर दहा मिनिटांनी भरावा लागे. रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, 'पोर कोणाच्या पाठीवर'. उत्तरं तीनच चालत: नर, मादी, एकटं. पोर नजरेस पडलंच नाही तर लिहायचं, 'दिसत नाही'. मेलं लिहायचं नाही, गेलं लिहायचं नाही. डॉक्टरबाईंची तशी सक्त ताकीद होती. "प्रेत डोळ्यांनी पाहिलंत तर मेलं म्हणा, क्रिसान्तो. नाहीतर आपल्याला एवढंच ठाऊक असतं, की दिसत नाही." आणि 'दिसत नाही' लिहिलं की लगेच उठूनही चालत नसे. आणखी तीन वेळा दहा-दहा मिनिटं तिथंच थांबायचं, मान वर करून, डास मारत.

एकोणीस वर्षं तो हे काम करत होता. त्याआधी त्याच रानाच्या कडेला गुरं राखायचा. मग राजधानीतून या डॉक्टरबाई, ओल्गाबाई आल्या, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि म्हणाल्या की मला ओढ्याकाठची माकडं बघायची आहेत, वाट दाखवणारा माणूस द्या. गावातले लोक पोट धरून हसले. पुढं गावाला सवय झाली आणि क्रिसान्तोला तर अशी झाली, की आपल्या म्हाताऱ्या मावश्यांची नावं तो विसरे, पण कुठल्या झाडावर कुठली जोडी झोपते ते झोपेतही सांगे.

नावाला ती रातमाकडं. पण अर्जेंटिनाच्या फोर्मोसा प्रांतातली ही जात दिवसाउजेडीही हिंडते, पहाटे आणि सूर्य कलताना तर हमखास. राहतात जोडीनं. एक नर, एक मादी, त्यांची एकदोन पोरं, बस्स. पोर जन्मलं की आठवड्याभरात बापाच्या पाठीवर जातं आणि चार महिने तिथंच राहतं. आई दूध पाजते तेवढंच. पाजून झालं की चक्क चावा घेते, पोर केकाटतं, बाप शेजारी सरकतो, पाठ पुढं करतो, आणि पोर या अंगावरून त्या अंगावर जातं. हे होताना फांदीसुद्धा हलत नाही. क्रिसान्तोनं हे हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा त्याला ते आवडलं होतं.

त्याच्या आवडीचं कुटुंब मोठ्या तिंबोच्या झाडावरचं. बाईंच्या कागदावर तिथल्या नराला नुसता आकडा होता, पण क्रिसान्तो त्याला कोस्मे म्हणायचा. डावा कान फाटलेला, मिशा पांढरट. नऊ वर्षं एकाच मादीबरोबर, सात पोरं वाढवलेली. नावं ठेवू नका, जीव गुंततो, असं बाई म्हणत. गुंतायचा तो केव्हाच गुंतला होता.

आता त्याच्या स्वतःच्या घराचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी गावात दवाखान्याची नवी इमारत बांधायला घेतली, तेव्हा विल्फ्रिदो नावाचा गवंडी आला. शिट्टी वाजवत विटा रचणारा, पोरासोरांना हसवणारा. मजुरांचं जेवण रांधायचं काम क्रिसान्तोच्या बायकोनं, लिब्रादानं घेतलं. क्रिसान्तो पहाटे घर सोडायचा तो अंधार पडता परतायचा. दवाखान्याचं छप्पर चढलं आणि लिब्रादा आपलं बोचकं आणि तीन वर्षांची लेक मिर्ना घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला विल्फ्रिदोकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. तू घरात नसतोसच."

तेव्हापासून तो थोरल्या बहिणीकडे राहत होता. सातुर्नीनाची जीभ म्हणजे मासे कापायची सुरी. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," ती म्हणायची. "कोणाची बायको कोणाशेजारी बसली ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहितोस. आपली कुठं बसली होती ते तेवढं दिसलं नाही."

"सातू, गप बस."

"गप बसते. घे, तेरेरेचा गार काढा पी. डोकं थंड होतंय का बघ."

रविवार तेवढा त्याचा. रविवारी मिर्ना त्याच्याकडे असे, आणि तो तिला खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जाई. त्यानं तिला रातमाकडाची साद शिकवली होती. ओठ गोल करायचे, पोटातून हळू हवा सोडायची: हूऽऽ. एकटं पडलेलं माकड अशी साद घालतं. पोरीला ती इतकी हुबेहूब जमली, की एकदा खऱ्या माकडानं झाडावरून मान वाकवून बघितलं, आणि दोघं बापलेक तोंड दाबून हसत सुटले.

डिसेंबरमध्ये तिंबोवर परका नर आला.

असं होतं अधूनमधून. तरणं, बेघर माकड रान हुंगत फिरत असतं. एखादी जोडी बघतं, नर थकलेला वाटला की भिडतं. दोन दिवस झाडावर नुसता पळापळीचा आणि गुरगुरण्याचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी कोस्मे खालच्या झुडपात बसलेला दिसला, वरचा ओठ फाटलेला, उजव्या हाताचं बोट सुजून काकडीएवढं झालेलं. पाठ रिकामी. वर मादी परक्यापासून हातभर अंतरावर बसली होती. चौथ्या दिवशी अंतर वीतभर राहिलं. पाचव्या दिवशी दोन शेपट्या शेजारी शेजारी लोंबत होत्या, आणि क्रिसान्तोनं वहीत तसं लिहिलं, पण पेन्सिल एवढी दाबली की कागद फाटला.

कोस्मेचं पोर मधल्यामध्ये अडकलं. पाच-सहा आठवड्यांचं. आई दूध पाजायची आणि सवयीप्रमाणे चावून हाकलायची, पण शेजारी पाठ नसायची. मग ते फांदीला चिकटून किंचाळत राही. रकान्यात दर दहा मिनिटांनी एकच शब्द: एकटं, एकटं, एकटं. हे लिहिताना क्रिसान्तोच्या छातीत जे होत होतं त्याला वहीत रकाना नव्हता.

हाकललेला नर तीन-चार दिवसांत निघून जातो. ओढ्याच्या काठाकाठानं उतरतो, दूर कुठंतरी मरतो किंवा क्वचित जगतो. क्रिसान्तोनं असे अकरा पाहिले होते. कोस्मेही निघणार हे त्याला ठाऊक होतं. रानाच्या कडेला, जिथं झाडं संपून ताडाचं माळरान सुरू होतं, तिथं तो जाऊन बसला होता आणि साद घालत होता. मधून मधून वरून पोराचा आवाज आला की कान टवकारायचा.

पाचव्या दिवशी क्रिसान्तोनं एकोणीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. बाईंचा पहिला नियम होता, रानातलं पानही तोडायचं नाही, रानात दाणाही टाकायचा नाही. तो सातूच्या परसातले चार पिकलेले आंबे शर्टात घालून आला आणि पडलेल्या एका तिंबोच्या बेचक्यात ठेवून दूर सरला. कोस्मेनं बराच वेळ घेतला. मग उतरला आणि एका हातानं खाल्लं.

"राहा बाबा," क्रिसान्तो पुटपुटला. "पोराचा आवाज कानावर येईल एवढ्यावर तरी राहा."

मग तो रोज नेऊ लागला. आंबे, पेरू, कधी केळी. सातूच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"एवढे आंबे कधीपासून खायला लागलास?"

"दुपारी भूक लागते."

"आंबे खाऊन माणूस जाडा होतो. तू वाळत चाललायस."

कोस्मे राहिला. आठवडा झाला, पंधरवडा झाला, गेला नाही. ओठाची जखम भरली. त्याची साद रोज संध्याकाळी यायची आणि क्रिसान्तोला वाटायचं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली.

त्याच दिवसांत लिब्रादा कागद घेऊन आली. विल्फ्रिदोला बुएनोस आयरेसच्या कडेला कायमचं काम मिळालं होतं. मार्चमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत जायचं होतं. पोरीला एवढ्या लांब न्यायचं तर बापाची संमती लागते, गावच्या न्यायाधीशापुढं सही.

"मी सही करणार नाही," क्रिसान्तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? माझी पोर आहे."

"तुझीच आहे. कोण नाही म्हणतंय?" ती ओट्यावर बसली, जुन्या सवयीनं, आणि मग आठवून उठली. "मी तुझ्याशी भांडायला आले नाही. विचार कर एवढंच."

"केलाय. सही होत नाही तोवर पोर हलत नाही. सरळ हिशोब आहे."

सातू आतून सगळं ऐकत होती. लिब्रादा गेल्यावर बाहेर आली, आणि पहिल्यांदाच भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "शाबास. अशी जिरव."

त्याला कोणाची जिरवायची नव्हती. त्याला फक्त रविवार हवा होता. पण जाण्याचं बोलणं निघाल्यापासून रविवार पुरेना. मग तो रानातून परतताना वाट वाकडी करून विल्फ्रिदोच्या कुंपणाशी थांबू लागला. आत जायचा नाही. तारेशी उभा राहून दबक्या आवाजात साद घालायचा: हूऽऽ. खिडकीतून बारीक आवाजात उत्तर यायचं. पुन्हा तो, पुन्हा ती. पाच-सात वेळा झालं की तो घरी जायचा, आणि त्या दिवशी त्याला ताटातला उकडलेला कसावा गोड लागायचा.

जानेवारीत एका संध्याकाळी खिडकीऐवजी दार उघडलं आणि विल्फ्रिदो बाहेर आला. हातात तेरेरेचा पेला. तारेच्या आतल्या बाजूला थांबला.

"घे," त्यानं पेला पुढं केला.

क्रिसान्तोनं घेतला नाही. विल्फ्रिदोनं स्वतः एक घोट घेतला. एरवी तोंडाला शिट्टी नाहीतर थट्टा असलेला तो माणूस शब्द शोधत होता. "क्रिसान्तो, तू गेल्यावर ती झोपत नाही. बारा-बारा वाजेपर्यंत खिडकीशी बसते. पापा पुन्हा ओरडेल म्हणते. उचलून नेली तर चावते मला. हे बघ." मनगटावर छोट्या दातांची अर्धी चंद्रकोर होती. "अंथरूण ओलं करायला लागलीय. पाच वर्षांची पोर."

"मग बाहेर सोड तिला. माझ्याकडे राहू दे."

"आणि तू पहाटे रानात गेल्यावर? सातुर्नीनाच्या जिभेपाशी?"

खरं म्हणजे क्रिसान्तोला हसू आलं असतं. त्यानं ते येऊ दिलं नाही. "माझी पोर आहे," एवढंच पुन्हा म्हणाला आणि निघाला. मागून खिडकीतून आवाज आला: हूऽऽ. तो थांबला. उत्तर दिलं. देऊ नये हे त्याला त्या क्षणीही कळत होतं, आणि तरी दिलं. माणूस असाच असतो, त्याला काय करणार.

तिकडे तिंबोवर एक गोष्ट घडली होती. परका आल्यापासून अकराव्या दिवशी आईनं पोराला चावून हाकललं, ते किंचाळलं, आणि परका नर हळूच शेजारी सरकला. पाठ पुढं केली नाही, पण हटलाही नाही. पोर चढलं. त्यानं एकदा अंग झटकलं, मग राहू दिलं. पुढच्या आठवड्यापासून तोच वागवू लागला. क्रिसान्तोनं रकान्यात लिहिलं, 'दुसरा'. रोज, दर दहा मिनिटांनी: दुसरा, दुसरा, दुसरा.

महिनाअखेरीस ओल्गाबाई आल्या आणि वही चाळू लागल्या. आता त्यांचेही केस पिकले होते आणि चष्म्याला दोरी आली होती.

"क्रिसान्तो, हा 'दुसरा' कोण?"

"तो नवा, बाई."

"म्हणजे नर. रकान्यात तीन शब्द आहेत. 'दुसरा' कुठून आणलात?"

"तो बाप नाही त्याचा."

बाईंनी चष्मा काढला. "कोणाचं पोर हे वही विचारत नाही. कोणाच्या पाठीवर, एवढंच विचारते. खोडा आणि नर लिहा."

त्यानं खोडलं नाही. बाईंनीही पुन्हा म्हटलं नाही. त्यांना गावातली गोष्ट ठाऊक असणार. गावात कोणाला ठाऊक नव्हती?

"आणि जुना अजून इथंच आहे म्हणता," बाई म्हणाल्या. "दीड महिना होत आला. असं कधी झालं नाही. का राहिला असेल?"

"पोराला सोडवत नसेल," क्रिसान्तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भर सकाळी, कोस्मे सापडला. पडलेल्या तिंबोच्या बेचक्याखाली, कुशीवर. मानेवर आणि मांडीवर चाव्यांच्या जखमा, काही जुन्या, काही ओल्या. मुंग्या लागल्या होत्या. दोन महिने रोज साद ऐकून ऐकून जोडीला तो सहन झाला नव्हता; दोघं मिळून खाली उतरली होती, नर आणि त्याची नऊ वर्षांची मादीही. मादीच्या हनुवटीचे केस रक्तानं चिकटलेले क्रिसान्तोनं नंतर दुर्बिणीतून पाहिले. पोर नव्या नराच्या पाठीवर होतं आणि पिकलेलं अंजीर कसं खातात ते मान वाकडी करून बघत होतं.

बाई आल्या, खाली वाकल्या. मापं घेतली. मग त्यांचा हात थांबला. बेचक्यात केळ्याची काळी पडलेली साल होती, आणि खाली आंब्याच्या कोया, दहा-पंधरा, काही वाळलेल्या, एकीला कोंब फुटलेला. या रानात केळ होत नाही आणि आंबाही होत नाही.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून."

त्या ओरडतील म्हणून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याला जायचं होतं, क्रिसान्तो. पोट रिकामं झालं की पाय निघतात. तुम्ही निघू दिले नाहीत."

"मला वाटलं, पोराजवळ राहील."

"राहिला की पोराजवळ," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणून तर."

त्या दिवशी वहीत त्यानं नियमाप्रमाणे लिहिलं, 'मेला'. प्रेत पाहिलं होतं, त्यामुळे लिहायला हरकत नव्हती. मग तो तिंबोच्या मुळाशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. माकडासाठी रडतोय असं कोणी म्हटलं असतं तर त्यानं हो म्हटलं असतं. ते अर्धंच खरं होतं.

संध्याकाळी तो वाट वाकडी न करता सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट घातला, गावच्या न्यायाधीशाच्या कचेरीत गेला आणि सही केली. कारकुनानं विचारलं, वाचलंत का? तो म्हणाला, वाचलं. त्यानं अक्षरही वाचलं नव्हतं.

सातूनं ताट आपटलं. "दिलीस? देऊन टाकलीस? कसला बाप रे तू? तुझ्या जागी मी असते तर त्या तारेशी मरेपर्यंत उभी राहिले असते!"

"तेच," क्रिसान्तो म्हणाला. "मरेपर्यंतच राहिलो असतो. आणि तिनं खिडकीतून बघितलं असतं."

सातू चुलीकडे वळली. तिथून तिचा आवाज आला. "पोरीसाठी चीज घातलेल्या चिपा करून देते. वाटेत खाईल. त्या बाईला काही जमत नाही भाजायला."

निघायच्या आदल्या रात्री पाऊस झाला. फोर्मोसातल्या मातीवर पाऊस पडला की रस्ता म्हणजे साबण. गाडी गावात येत नाही. डांबरी सडकेपर्यंत तासाभराची वाट चालत जायचं आणि तिथं बस धरायची. उजाडता उजाडता क्रिसान्तो रबरी बूट घालून विल्फ्रिदोच्या दारात उभा राहिला, तारेच्या आत, पहिल्यांदाच.

"ओझं तुम्ही घ्या," तो म्हणाला. "पोरीला मी घेतो. गुरांच्या फाटकापर्यंत."

लिब्रादानं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. मिर्ना अर्धवट झोपेत होती. त्यानं तिला पाठीवर घेतलं, तिनं गळ्याभोवती हात टाकले आणि गाल त्याच्या मानेवर टेकला. उबदार, ओलसर, दुधाचा वास येणारा गाल. दोन्ही खिशांत सातूच्या चिपा होत्या, अजून गरम. पुढं लिब्रादा बोचकी घेऊन, मागं विल्फ्रिदो डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन, मध्ये हा. बुटांचा फचक-फचक आवाज तेवढा येत होता.

"पापा, तूपण येणार?"

"फाटकापर्यंत."

"मग?"

"मग मला रानात जायचंय. पोर कोणाच्या पाठीवर ते लिहायचंय ना."

"कोणाच्या आहे?"

"बघून सांगतो," तो म्हणाला.

गुरांच्या मोठ्या फाटकापाशी वाट फुटते. एक सडकेकडे, एक रानाकडे. तो सडकेपर्यंत जाऊ शकला असता. रात्रभर तोच विचार केला होता त्यानं. पण बसच्या दारात ओढून काढायचं, काचेवर हात, किंचाळणं, लोक बघताहेत, तसं झालं तर ते पोरीच्या अंगात आयुष्यभर राहणार. एकोणीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की पोर पाठ बदलतं ते चालत्या वाटेवर, फांदी हलू न देता. उजेड पुरता फुटला नव्हता, पोरीचे डोळे पुन्हा मिटत होते. हीच वेळ.

"विल्फ्रिदो," तो हळूच म्हणाला. "पेटी ठेव खाली. पाठ जवळ आण."

विल्फ्रिदोनं पेटी गवतावर ठेवली. त्याला आधी उमगलं नाही, मग उमगलं, आणि तो वळून गुडघ्यात वाकला. दोन पाठी एकमेकींना लागल्या. क्रिसान्तोनं आपल्या गळ्याभोवतीची बोटं एक एक करून सोडवली आणि विल्फ्रिदोच्या गळ्याशी नेली. मिर्ना काहीतरी पुटपुटली. तिचे हात क्षणभर हवेत राहिले, मग नव्या मानेला घट्ट बसले. गाल टेकला.

त्यानं खिशातल्या चिपा लिब्रादाच्या बोचक्यात घातल्या. पेटी उचलून तिच्या डोक्यावर नीट बसवून दिली. ती रडत होती. "क्रिसान्तो," ती म्हणाली.

"जा. बस थांबत नाही."

ती तिघं निघाली. क्रिसान्तो फाटकाच्या खांबाशी उभा राहिला. त्याचे ओठ आपोआप गोल झाले होते, पोटातून हवा वर आली होती, साद अगदी दातांपाशी आली होती. पोरगी नक्की वळली असती. त्यानं ती गिळली. एवढं जड काही त्यानं जन्मात गिळलं नव्हतं.

मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं वही काढली. घड्याळ बघितलं. सहा पन्नास. रकान्यात तो 'दुसरा' लिहिणार होता, 'दु' लिहूनही झाला होता. तो त्यानं खोडला आणि लिहिलं, नर. शेरा: पोर शांत.

सात वाजता ती माळरानावर ताडांच्या मधून जाताना दिसत होती, बोटाएवढी. नर. शांत. विल्फ्रिदो शिट्टी वाजवत असावा. वाऱ्यावर काहीतरी आल्यासारखं वाटलं.

सात दहाला वाट मोकळी होती. त्यानं लिहिलं, दिसत नाही.

बस सव्वासातला सुटते हे त्याला माहीत होतं. ती सुटल्याचा आवाजही लांबून आला. पण नियम म्हणजे नियम. दिसेनासं झालं तरी आणखी तीन वेळा थांबायचं असतं. तो फाटकाला टेकून, मान वर करून उभा राहिला आणि सात वीस, सात तीस, सात चाळीस, तिन्ही वेळा त्यानं नीट बघितलं आणि तिन्ही वेळा तेच लिहिलं.